मुलकी नवऱ्याची बायको

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते एका न लागलेल्या लग्नामुळे. १६०८ साली इथे जन्मलेला सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून पळाला, नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन तपाला बसला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा मराठी घरात पोरासोरांनाही पाठ असते. या लेखाचा विषय मात्र जी लग्ने नीट लागली ती आहेत. जांबसारख्या गावात परमुलखातून सून म्हणून आलेली बाई सरकारच्या दप्तरी कोण ठरत होती, आणि तिला तिथे नोकरी करण्याचा हक्क कुठून मिळत होता, हा तो प्रश्न. आज तो आपल्याला परदेशी वाटतो. मराठवाड्यातल्या मुली लग्न करून टोरांटोला किंवा न्यू जर्सीला जातात. नवऱ्याने स्पॉन्सर केलेले असते, पीआर (कायम वास्तव्य) किंवा ग्रीन कार्ड यायचे असते, आणि तोवर वर्क परमिट मिळेल का, याची चौकशी दोन्हीकडच्या घरांत चाललेली असते. पण लग्नाच्या नात्याने आलेल्या माणसाला राहता येईल का, काम करता येईल का आणि ते माणूस इथले कधी म्हणायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या मातीवर राज्य करणाऱ्या सरकारने १९१९ सालीच लिहून ठेवली होती. ती उत्तरे आजच्या उत्तरांशेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. बायकोला कामाची परवानगी लवकर मिळाली की उशिरा, एवढ्यावरून कायद्याची उदारता मोजणे चुकीचे आहे. ती परवानगी नवऱ्याला वगळून उभी राहते का, ही खरी कसोटी, आणि या कसोटीवर शंभर वर्षांपूर्वीचे निजामी सरकार, आजची अमेरिका आणि आपण स्वतः, तिघेही जवळजवळ एकाच रांगेत बसतो.

जालना, परतूर, अंबड हा सगळा टापू हैदराबाद संस्थानात होता. तिथला ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’, म्हणजे संस्थानातले आणि बाहेरचे, हा वाद पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ ते १८८३ या काळात वाढीस लागला. खिळखिळा झालेला कारभार रुळावर आणण्यासाठी सालारजंगाने उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः अलीगढच्या वर्तुळातून, इंग्रजी पद्धतीचे शिक्षण घेतलेली माणसे आणली. कारभार सुधारला, पण वरच्या जागा बाहेरच्यांनी भरल्या. १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली, तेव्हा उत्तरेकडच्यांचे आणखी फावले. दरबारातली ही चुरस किती खालच्या थराला जाऊ शकत होती, याचा नमुना १८९२ सालचा. लखनौकडून आलेले मेहदी हसन हे संस्थानचे गृहसचिव होते आणि त्यांची पत्नी एलन ही युरोपीय वंशाची. तिच्या पूर्वायुष्यावर आणि लग्नाच्या खरेपणावर शिंतोडे उडवणारे एक निनावी इंग्रजी पत्रक हैदराबादेत वाटले गेले. प्रकरण कोर्टात गेले, महिनोन्महिने चालले, आणि अखेरीस मेहदी हसन यांचीच नोकरी गेली. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला उखडायचे तर त्याच्या बायकोच्या कागदापासून सुरुवात करावी, ही युक्ती तेव्हाही सुचली होती. लग्न खरे की खोटे हा सवाल आज इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारला जातो. त्या काळी तो पत्रकातून विचारला गेला, इतकाच काय तो फरक.

या चढाओढीतून पुढे मुलकी नियम पक्के झाले. १९१९ च्या फर्मानाने ठरवले की मुलकी नसलेल्या माणसाला निजामाच्या खास मंजुरीवाचून संस्थानच्या नोकरीत, वरच्या असो की खालच्या, घेऊ नये. मग मुलकी कोण? जो जन्माने संस्थानचा प्रजाजन आहे तो. ज्याच्या जन्माच्या वेळी त्याचा बाप पंधरा वर्षांची सरकारी सेवा पूर्ण करून नोकरीत होता तो. ज्याने संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केले आहे, मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात मॅजिस्ट्रेटसमोर केले आहे, तोही. आणि शेवटी एक छोटेसे कलम: जी मुलकी माणसाची बायको आहे, ती. पुरुषाला पंधरा वर्षे, प्रतिज्ञापत्र आणि मॅजिस्ट्रेटची सही. बाईला फक्त लग्न. तिला वर्षे मोजावी लागत नव्हती, माहेरी परतण्याचा विचार सोडल्याचे कुणाला लिहून द्यावे लागत नव्हते. तो विचार लग्नाबरोबर सुटलाच असे सरकारने गृहीत धरले होते. राहणे, नोकरी आणि इथले असणे या तिन्ही गोष्टी तिच्या पदरात एकदम पडत. आजच्या एखाद्या स्पॉन्सर झालेल्या बायकोला हे वाचून हेवा वाटेल.

हे कलम लागू होईल अशी लग्ने कागदावरची नव्हती. हैदराबाद संस्थानची हद्द मराठी मुलखाच्या मधून जात होती आणि रोटी-बेटी व्यवहाराने ती कधी मानली नाही. जालन्याच्या ईशान्येला देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा म्हणजे वऱ्हाड. तो १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि १९०२ च्या करारानंतर कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे. पश्चिमेला गोदावरी ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे मुंबई इलाखा. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर गेज गाडी १९०० च्या सुमारास जालना, परतूर करत धावू लागली आणि मनमाडकडची पाहुणेमंडळी आणखी जवळ आली. वऱ्हाडातून मराठवाड्यात दिलेली मुलगी काही कोसांवर जात होती, पण वाटेत करोडगिरीचा नाका लागे, इंग्रजांचा कलदार रुपया मागे राही आणि निजामाचा हाली सिक्का सुरू होई. न्यायालयाची भाषा बदले, शाळेची बदले. नाक्यावर तिच्या पेटीतल्या लुगड्यांची झडती होत असेल. तिचा दर्जा मात्र नाका ओलांडण्याआधीच, अक्षता पडल्या तेव्हाच, बदललेला असे. नियमाच्या भाषेत ती मुलकी झालेली असे, तेही तिच्या किंवा तिच्या सासरच्यांच्या गावीही नसताना.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मुलकी नियम हे केवळ सरकारी नोकरीपुरते होते. शेतात, बाजारात, मोंढ्यात काम करायला कुणाला परवाना लागत नव्हता. शिवाय १९१९ साली जांब किंवा परतूरची कोणती सून सरकारी नोकरी मागायला गेली असती? मुलींच्या शाळा विरळ, शिक्षणाचे माध्यम उर्दू; १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. अशा ठिकाणी बायकांना मुलकी ठरवणारे कलम म्हणजे कुणी न मागितलेले आणि कुणी न वापरलेले दान; त्याची तुलना आजच्या वर्क परमिटशी कशी करायची? आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन की जन्माने मुलकी असलेल्या मराठी शेतकऱ्याच्या मुलालाही त्या मुलकीपणाचा फारसा उपयोग नव्हता. उर्दू येत नसेल तर मुलकी असूनही तो कचेरीच्या बाहेरच. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. हक्क वापरणारे कुणी नसते तेव्हा तो सढळ हाताने देता येतो. निजामी कलमाची उदारता ही बायकांच्या निरक्षरतेवर उभी होती. बायका शिकून, पदव्या घेऊन, नोकरी मागायला उभ्या राहिल्या की सरकारे हात आखडतात, हे पुढच्या इतिहासात स्पष्ट दिसते. म्हणूनच ही तुलना उपयोगी आहे: बायकोचा हक्क नवऱ्याच्या खात्यावर मांडण्याची पद्धत दोन्हीकडे एकच आहे, फक्त एकीकडे त्या खात्यातून कुणी काही काढत नव्हते आणि दुसरीकडे खिडकीवर रांग आहे.

ती रांग अमेरिकेत लागली. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने एच-१बी व्हिसाची आजची रचना आणली आणि त्याच कायद्याने कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ग्रीन कार्डांच्या सात टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत अशी मर्यादा ठेवली. पुण्या-औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेली मुले या वाटेने गेली, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्याइतक्याच शिकलेल्या बायका एच-४ व्हिसावर. एच-४ वर राहता येते, मुलांना शाळेत घालता येते, गाडी चालवता येते. पगार घेता येत नसे. भारतीयांची ग्रीन कार्डाची वाट दशकाच्या पुढे लांबली तेव्हा ही तात्पुरती बंदी आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांना पुरून उरली. २६ मे २०१५ पासून नियम बदलला: नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असल्याच्या आधारे त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ वरच्या बायकोला कामाचा परवाना मागता येईल. परवाने मिळवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेल्या निघाल्या, आणि त्यातही बहुतेक स्त्रिया. या नियमाला लगेच कोर्टात आव्हान मिळाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नियम उचलून धरेपर्यंत त्या बायका टांगत्या तलवारीखाली नोकऱ्या करत राहिल्या. पण कोर्टात जिंकलेला हा परवाना आहे कसा, तर नवऱ्याच्या अर्जाला शिवलेला. त्याचा व्हिसा गेला की हिचा परवाना गेला. घटस्फोट झाला की परवान्याचा पायाच गेला. वऱ्हाडातून आलेल्या सुनेचे मुलकीपण जसे मुलकी नवऱ्यावर उभे होते, तसाच हाही.

कॅनडाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त शिकवणारी. तिथे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेला जोडीदार दुसऱ्याला स्पॉन्सर करतो. देशात राहून अर्ज करणाऱ्या जोडीदाराला पूर्वी अर्जाची पहिली पायरी मंजूर होईपर्यंत कामाचा परवाना मिळत नसे, आणि ही पायरी चढायला अनेकदा वर्षाहून जास्त काळ लागे. २२ डिसेंबर २०१४ पासून प्रायोगिक म्हणून ओपन वर्क परमिट आधीच देण्याची सोय झाली आणि ती पुढे टिकली. ‘ओपन’ म्हणजे मालक कोणताही चालतो. एका कंपनीच्या दावणीला बांधलेला परवाना नव्हे. निजामी कलमापुढे हा परवाना दुबळा दिसतो. तो तात्पुरता आहे, त्याने कुणी ‘इथले’ होत नाही, आणि स्पॉन्सरने पीआर मिळण्याआधी अर्ज मागे घेतला तर मूळ अर्जच संपतो. तरीही मी त्याला मुलकी कलमापेक्षा वरचा मानतो. कारण परवाना तिच्या नावाचा असतो, पगार तिच्या खात्यात येतो, केलेल्या कामाची वर्षे तिच्या नावावर जमा होतात. आणि उद्या लग्न मोडले तरी ती वर्षे कुणी पुसू शकत नाही. मुलकी कलमाने बाईला सगळे दिले, पण तिच्या स्वतःच्या म्हणून एकही वर्ष मोजले नाही.

याला दुसरा आक्षेप नेहमीचा: खोटी लग्ने. कामाचा परवाना लग्नाबरोबरच मिळू लागला तर कागदी लग्नांचा धंदा सुरू होईल, म्हणून थोडी वाट पाहायला लावणेच शहाणपणाचे, असे सांगितले जाते. खोटी लग्ने होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाट पाहायला लावून ती थांबतात का, याचा प्रयोग कॅनडाने करून पाहिला आहे. २५ ऑक्टोबर २०१२ पासून तिथे नियम आला की नव्या नात्यातल्या, मूल नसलेल्या, स्पॉन्सर केलेल्या जोडीदाराने दोन वर्षे एकत्र राहिलेच पाहिजे, नाहीतर मिळालेले कायम वास्तव्य काढून घेता येईल. फसवणूक रोखण्यासाठी आणलेल्या या अटीने मारहाण करणाऱ्या नवऱ्यांच्या हाती आयते हत्यार दिले. ‘घर सोडलेस तर देश सोडावा लागेल’ ही धमकी आता कायद्याच्या आधाराने देता येऊ लागली. छळाच्या बाबतीत अपवाद ठेवला होता, पण तो सिद्ध करायचा कुणी आणि कोणत्या भाषेत? एप्रिल २०१७ मध्ये सरकारने ही अट काढून टाकली. जुलै २०१९ मध्ये कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी विनाशुल्क तात्पुरता रहिवास परवाना आणि त्याबरोबर कामाचा परवाना सुरू केला, स्पॉन्सरवर अवलंबून नसलेला. लग्न खरे आहे का, याची चौकशी सरकारने खुशाल करावी, कितीही कडक करावी. चौकशी चालू असताना बाईने कमवायचे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. कमावत्या बाईचे लग्न खोटे असण्याची शक्यता बिनकमावतीपेक्षा जास्त, असे कुणीच दाखवलेले नाही.

तिसरा आक्षेप स्थानिकांच्या नोकऱ्यांचा, आणि तो मराठवाड्याच्या माणसाने हसण्यावारी नेऊ नये. बाहेरच्यांनी जागा बळकावल्याचे दुःख या भागाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई संपून संस्थान भारतात आले आणि कारभार चालवायला पुन्हा बाहेरून माणसे आली, या वेळी मद्रास, मध्यप्रांत आणि मुंबईकडून. १९५२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वरंगळपासून हैदराबादपर्यंत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, बळी गेले. विद्यार्थ्यांच्या रागाचे मुख्य लक्ष्य होते बनावट मुलकी सर्टिफिकिटे, म्हणजे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे खोटे दाखले आणि ते देणारे अधिकारी. बायकोच्या कलमाने कुणाची जागा गेली, अशी ओरड त्या आंदोलनाची नव्हती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ च्या केंद्रीय कायद्याने नोकरीसाठी वास्तव्याच्या अटी मोडीत काढल्या; तेलंगणासारख्या काही भागांपुरती सूट ठेवली, मराठवाड्याला ती नव्हती. तेलंगणात हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ आणि १९७२ च्या निकालांतून, दोन मोठ्या आंदोलनांतून जात १९७३ मध्ये मुलकी नियम रद्द होईपर्यंत चालला. मराठवाड्याने वेगळी वाट धरली होती: २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने नोकऱ्यांत विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मागितला. ही मागणी न्याय्य होती आणि ती पूर्णपणे पाळली गेली नाही. पण विभागाचा वाटा मागणे आणि इथे संसार थाटलेल्या माणसाला परके ठरवणे या भिन्न गोष्टी आहेत. नांदत्या घरातल्या बाईला रिकामी बसवून शेजारच्याला नोकरी मिळत नाही. मिळते ती रिक्त पदे भरल्याने.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी आजही पंधरा वर्षांचेच वास्तव्य दाखवावे लागते. हा आकडा निजामाकडून उचलला असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक सरकारला ‘आपला माणूस’ मोजायला काहीतरी फूटपट्टी लागते, आणि साधारण एक पिढी शाळेतून बाहेर पडायला लागणारा काळ तिला सोयीचा वाटतो. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली आणि महिना दीड हजार रुपयांसाठी तहसिलात गर्दी उसळली, तेव्हा पहिली अडचण या अधिवासाच्या दाखल्याचीच आली. जुलैमध्ये सरकारने अट सैल केली: दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल, आणि बाई परराज्यात जन्मलेली असेल पण तिचे लग्न महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी झाले असेल, तर त्या नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाईल. ही नोकरी नव्हे, मदत आहे, हे खरे. सवलत गरजेची होती, हेही खरे. पण रचना पाहा: एकीकडे पंधरा वर्षे, दुसरीकडे नवऱ्याचा कागद. बाईच्या हक्कासाठी नवऱ्याच्या शाळेचा दाखला! तेलंगणातून किंवा मध्य प्रदेशातून लग्न होऊन आलेली बाई दहा वर्षे या जिल्ह्यात कापूस वेचत असली तरी तिच्या दहा वर्षांना त्या यादीत जागा नाही. जागा आहे ती नवरा कुठल्या शाळेतून चौथी पास झाला याला.

दुसरी वाट नाही असे नाही. काश्मीरच्या महाराजांनी १९२७ मध्ये ‘स्टेट सब्जेक्ट’चे नियम केले, त्यातही बायकोला नवऱ्याचा दर्जा मिळत होता, बाहेर लग्न केलेल्या लेकीचा दर्जा मात्र जातो असे प्रशासन पुढे दशकानुदशके मानत आले, आणि ते चूक असल्याचा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. २०२० मध्ये तिथे अधिवासाचे नवे नियम आले, पुन्हा पंधरा वर्षांचेच. पण जुलै २०२१ मध्ये त्यांत अधिवासी व्यक्तीच्या जोडीदाराचा समावेश झाला, मग तो नवरा असो वा बायको. निदान नात्याची दिशा एकच राहिली नाही.

देशाच्या पातळीवर आपला कायदा काय म्हणतो, तेही पाहायला हवे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात सुरुवातीला भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी बाईला नोंदणीने नागरिक होता येत होते, वास्तव्याच्या मुदतीवाचून; पुरुषाला ही सोय नव्हती. १९८६ मध्ये ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ती’ आल्या आणि बरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षे झाली. नागरिकत्वाआधी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळवायचे तर २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे लग्न नोंदलेले असावे आणि सलग दोन वर्षे टिकलेले असावे. आणि लग्नाच्या आधारे मिळालेले हे ओसीआय कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ७-ड कलमाने सरकारकडे ठेवला आहे, मग त्या जोडीदाराने इथे किती वर्षे नोकरी केलेली असो. अमेरिकेतल्या आपल्या लेकीचा परवाना तिच्या नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला आहे, हा अन्याय आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ७-ड कलमही एकदा वाचावे, आणि ते बदलण्याची मागणी तितक्याच जोराने करावी.